डोक्यावरचं ओझं: एका जड हेडफोनच्या नोंदी

९ जून २०२४

आज वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, केबल काढून: ६१० ग्रॅम. शेजारी जुना हेडफोन, सेनहायझर एचडी ६५०, ठेवला. कंपनीच्या कागदावर २६०, माझ्या काट्यावर २५८. म्हणजे दोन एचडी ६५० एकावर एक घालायचे आणि वर एक सोललेलं केळं ठेवायचं.

नवे हेडफोन (माझ्यासाठी नवे, पुण्यातल्या एकाकडून सेकंड हँड घेतलेले) ओपन-बॅक प्लेनार आहेत, म्हणजे कपांची पाठ उघडी आणि आत आवाज काढणारा सपाट पडदा. नाव लिहीत नाही. पुढची सगळी रड डोक्याची आहे आणि डोकं माझं आहे. आवाजाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तानपुऱ्याची जवारी इतकी सुटी ऐकू येते की घोडीवरचा दोरा केसभर सरकला तरी कळावं. पण माझं काम ऑडिओबुकच्या संपादनाचं. दिवसाला पाच-सहा तास निवेदकाचे श्वास, ओठांचे चटके, पान उलटल्याचे आवाज वेचत बसायचं. पाऊण तासात टाळू ठणकायला लागते. दीड तासात चष्म्याच्या काड्या रुततात. मग मी हेडफोन काढून मान चोळतो आणि चहाला उठतो. चहा दिवसाला सात कप झालाय.

वजन कमी करणं आपल्या हातात नाही. प्लेनारचा पडदा कागदाहून पातळ, त्यावर वाहकाची नक्षी, आणि चुंबकीय क्षेत्र सगळ्या पडद्यावर पसरलेलं हवं. म्हणून निओडिमियमच्या पट्ट्यांची रांगच्या रांग लावतात, काही मॉडेलांत पडद्याच्या दोन्ही बाजूंना. वजन तिथलं. ते काढलं तर हेडफोनच राहत नाही. प्रश्न एवढाच, की ते टेकतं कुठं.

जाता जाता: शेजारचा मुलगा तबला वाजवतो, त्याच्या रियाजाचं एका माइकचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. एकच माइक म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, डग्गा मधोमध ऐकू यायला हवा. तो किंचित उजवीकडे सरकलेला वाटतो. निवेदकाचा आवाज मात्र बरोबर नाकासमोर. केबल तपासायला हवी.

१२ जून

केबल बदलली. डग्गा उजवीकडेच. हेडफोन उलटे घातले, डावा कप उजव्या कानावर. तरीही उजवीकडेच. म्हणजे केबल निर्दोष, ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) निर्दोष. उरलो मी.

१६ जून

पट्टा डोक्याला नक्की किती जागेत टेकतो ते बघायचं होतं. खडूची पूड वापरून पाहिली, ठसा दिसेना. मग कोल्हापुरात जी वस्तू घरोघरी सापडते ती काढली: गुलाल. पट्ट्याच्या आतल्या गादीला गुलाल चोळला, डोक्यावर पांढरा रुमाल बांधला, हेडफोन घातले, पाच मिनिटं स्वस्थ बसलो. आई म्हणाली, "कुठली निवडणूक जिंकलास?"

रुमालावर उमटला तो टाळूच्या मधोमध एक आखूड ठिपका. ६.५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद. कमानीचा बाक माझ्या डोक्यापेक्षा जास्त सपाट आहे, म्हणून ती फक्त माथ्यावर टेकते आणि दोन्ही बाजूंना अधांतरी राहते. ६१० ग्रॅम भागिले १३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४७ ग्रॅम दर चौरस सेंटिमीटरला. (थोडं वजन कानावरच्या पॅडचं घर्षणही उचलतं, ते सोडून दिलंय.)

संध्याकाळी ताईशी फोनवर बोलताना हा आकडा सांगितला. ती सांगलीत नर्स आहे. ती म्हणाली, पाऱ्यात सांग, रक्तदाब सांगतात तसा. हिशेब केला: साधारण ३४ मिलिमीटर. "अरे, आम्हाला बेडसोअरला ३२ शिकवतात. त्याच्या वर गेलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबायला लागतात. म्हणून तर पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देतो. तू टाळूला बेडसोअर करून घेतोयस."

३२ हा ठोकळ आकडा आहे आणि माझा ३४ तर गुलालानं काढलेला. तरी सात कप चहाचा उलगडा झाला. मी दर पाऊण तासानं कूस बदलत होतो.

२२ जून

आता दाबाची दुसरी बाजू, कानांवरची पकड. सामान तोलायचा हुकाचा काटा एका कपाला, दुसरा कप टेबलाच्या कडेला बांधलेला. पॅडच्या तोंडांमध्ये १५० मिमी अंतर ठेवून मोजलं: ६२० ग्रॅम. वजनही ६१०, पकडही ६२०. पैलवानाचं माप आहे.

सगळे सांगतात तो उपाय आधी केला. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून रात्रभर ठेवले. सकाळी ६१०. दुसऱ्या रात्री जाड शब्दकोश वाढवला. सकाळी पुन्हा ६१०. यात नवल नाही. कमान स्प्रिंग स्टीलची आहे आणि स्प्रिंग स्टील विशिष्ट मर्यादेपर्यंत कितीही वेळ ताणलं तरी सोडल्यावर मूळ जागी येतं, तेच तर त्याचं काम. प्लॅस्टिकची कमान असती तर ती हळूहळू सैलावली असती. स्टीलला मर्यादेच्या पलीकडे एकदा न्यावंच लागतं.

म्हणून दोन्ही अंगठे कमानीच्या आतून लावून, माथ्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर, थोडं थोडं उघडलं. एका जागी वाकवलं तर कोपरा पडतो. दर वेळी काटा लावला. ५७०, ५२०, मग हात जरा जड पडला आणि थेट ४३०.

४३० ला कान सुटले, पण खाली बघितलं की हेडफोन कपाळावर येतात. डग्गा पातळ झाला. आणि टाळू आणखी ठणकायला लागली! पकड ढिली झाली की पॅड जे ओझं घर्षणानं धरून होते ते सोडून देतात आणि ते सगळं माथ्यावर येतं. परत आत वाकवून ५०० ला आणलं. इथंच ठेवतो.

२९ जून

कमानीखाली झोळीसारखी रुंद पट्टी टांगायची. ही कल्पना जुनीच, एकेजी कंपनीच्या हेडफोनांत सत्तरच्या दशकापासून आहे: कमान फक्त पकडीसाठी, वजन झेलायला खालची पट्टी. तयार पट्ट्या परदेशातून मागवता येतात, पण किंमत आणि कस्टम मिळून जे होतं त्यात चपलांचे चार जोड येतील. मग चपलेवाल्याकडेच का जाऊ नये?

चप्पल लाइनमधलं एक जुनं दुकान. मागं बसून मामा स्वतः काम करतात. हेडफोन हातात घेऊन त्यांनी आधी तोलले.

"हे काय घोड्याचं खोगीर हाय व्हय?"

सांगितलं काय ते. मी म्हशीचं जाड कातडं म्हणत होतो. त्यांनी मान हलवली. "म्हशीचं तळाला. डोक्यावर ते वाकायचं न्हाई, पुन्हा कडा रुतणार. बकऱ्याचं घिऊ, दोन पदर. मधी रुंद, टोकाला निमुळतं." आणि मग माझ्याकडं न बघता, "नवी चप्पल पयल्यांदा चावतीच. पर कुठं चावती ते बगून पट्टा ढिला कराय लागतोय. सगळीकडनं ढिला केला की मग ती पायातच ऱ्हात न्हाई." मी आठवडाभर काट्यावर जे शिकलो ते त्यांनी एका दमात सांगितलं.

७ जुलै

पट्टी तयार. मधोमध ६ सेंमी रुंद, टोकांना २ सेंमी, दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, त्याला तो ओळखीचा उग्र गोडसर वास.

तिला बाक कसा द्यायचा? माझ्या मनात हेल्मेटवर बांधायचं होतं. मामांनी पट्टी बादलीत बुडवली, निथळली आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. वरून फडकं आवळून हनुवटीखाली गाठ मारली, दाढदुखीच्या पेशंटसारखी. "फर्मा हितंच हाय की." वीस मिनिटं तसाच दुकानात बसलो. दोन गिऱ्हाइकं चपला बघून गेली, त्यांनी चपलांपेक्षा मलाच जास्त बघितलं.

घरी येऊन पट्टी सावलीत वाळवली. घाई मलाच होती, म्हणून मामांकडं परत न जाता टोकांना घरात पडलेले लोखंडी रिव्हेट ठोकले.

११ जुलै

पट्टीच्या टोकांना शाईसारखे काळे-निळे डाग. रिव्हेटभोवती गोल, तिथून ओघळ. कपाळाच्या वर केसांतही थोडं.

कारण शाळेच्या पुस्तकातलं आहे. सालीत टॅनिन, रिव्हेटमध्ये लोखंड, हवेत पावसाळा, डोक्यावर घाम. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळी शाई होते; एके काळी लिहायची शाई अशीच करत. मामांना फोन केला. ते इतकंच म्हणाले, "पितळी न्हाई मिळालं?"

पट्टी बाद. पण डाग पडेपर्यंतचे चार दिवस टाळू एकदाही ठणकली नाही, हेही लिहून ठेवतो. दुसरी पट्टी सांगितली.

२१ जुलै

आषाढीच्या दिवशी पॅड आले. दोन जोड: एक मखमली, एक भोकाभोकांच्या मेंढीच्या कातड्याचे, दोन्हीत मेमरी फोम. जुने पॅड कृत्रिम लेदरचे होते आणि त्यांची साल निघत होती. हा आपल्याकडच्या दमट हवेचा प्रताप. पॉलियुरेथेन ओलाव्यानं विघटतं, वापरा नाहीतर कपाटात ठेवा.

आज दिवसभर मोजमाप. एक बारीक इलेक्ट्रेट माइक मेणाच्या इअरप्लगमध्ये बसवून कानाच्या तोंडाशी, आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर खालून वर जाणारा सूर, दर पॅडला पाच वेळा हेडफोन काढून घालून सरासरी. काढून घालणं महत्त्वाचं. एकाच बैठकीत पाच वेळा मोजलं तर पाच रेषा एकमेकींवर चढतात आणि आपण फार अचूक आहोत असं वाटायला लागतं.

मखमली: कानाला स्वर्ग. गरम होत नाही, चष्मा रुतत नाही. पण जुन्या पॅडच्या तुलनेत ८० हर्ट्झच्या खाली ७ डेसिबल गायब. प्लेनारचा खर्ज पॅडच्या आतली हवा कोंडलेली राहण्यावर अवलंबून असतो आणि मखमलीतून ती मुक्त फिरते. डग्ग्याचं नुसतं चामडं ऐकू येतं, पोट नाही. शिवाय वरच्या बाजूला 'स' आणि 'श' धारदार. निवेदन साफ करणाऱ्या माणसानं यावर विश्वास ठेवला तर तो निष्कारण प्रत्येक 'स' कापत बसेल.

मेंढीचे: खर्ज जुन्याच्या जवळ, दीड डेसिबल कमी. ३ ते ५ हजार हर्ट्झच्या मध्ये एक खळगा जरा सरकला, कारण पॅड जाड आहेत आणि कान ड्रायव्हरपासून लांब गेला. हे इक्वलायझरनं भरून काढता येतं. गळकी हवा इक्वलायझरनं भरता येत नाही. खर्ज चढवला आणि मान वळवली की गळती बदलते.

मेंढीचे ठेवले. फोम सकाळी गारठ्यात कडक असतो, दहा मिनिटांत डोक्याच्या उबेनं मऊ पडतो. त्या दहा मिनिटांत खर्ज बदलत जातो, त्यामुळे आता आधी हेडफोन घालतो आणि मग ईमेल बघतो.

२६ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीय. मामांचा निरोप: कातडं वाळत नाही, बुरशी धरतंय, घाई करू नका. पट्टी कोण विचारतंय म्हणा आता. दोन दिवस गच्चीवरून पाणी बघणं एवढंच काम.

४ ऑगस्ट

पूर ओसरला. हात मोकळे होते म्हणून कानाच्या पाळीचा प्रश्न घेतला. उजव्या कानाची वरची कड आतल्या जाळीला लागते, तासाभरात हुळहुळते. परत गुलाल, या वेळी कानाला. जाळीवर ठिपका आला, पुढच्या-वरच्या कोपऱ्यात.

पॅडच्या मागं कडी घालून तेवढीच बाजू उचलायची. कडीला ईव्हीए शीट, चपलेच्या तळाला लावतात तीच, ४ मिमी. तिच्यातले बुडबुडे बंद असल्यानं हवा गळत नाही. साध्या स्पंजची केली असती तर मखमलीसारखं झालं असतं. ब्लेडनं कापली, एका बाजूला पॉलिश पेपरनं शून्यावर आणली. दोनदा बिघडली. तिसरी बसली.

अमेरिकेत युटामध्ये नथॅनिएल बाल्डविननं १९१० मध्ये नौदलासाठी हेडफोन आपल्या स्वयंपाकघरात बनवले होते म्हणतात. त्याच्या घरी ओट्यावर ईव्हीएचा भुगा पडल्यावर कोण काय बोललं याची नोंद इतिहासात नाही. आमच्याकडची आहे, पण लिहीत नाही.

१० ऑगस्ट

दुसरी पट्टी, पितळी रिव्हेट. परत डोक्यावर फडकं बांधून वीस मिनिटं. परत गुलाल आणि रुमाल. ठसा आता लांबोडक्या पानासारखा, ४२ चौरस सेंटिमीटर.

मूळ गादी काढल्यानं २२ ग्रॅम गेले, पट्टी आणि रिव्हेटनं ४६ आले. पॅडचा फरक नगण्य. एकूण ६३४. म्हणजे महिनाभर खपून हेडफोन २४ ग्रॅमनं जड केले. भागाकार: १५ ग्रॅम दर चौरस सेंटिमीटरला, पाऱ्यात ११ मिलिमीटर. ताईला कळवलं. तिनं अंगठा पाठवला.

आज सलग तीन तास बसलो. चहा एक.

१५ ऑगस्ट

सुट्टी. चष्मा.

जाड शेलच्या फ्रेमची काडी माझ्याकडे साडेचार मिमीची आहे. ती पॅडखाली गेली की तिच्या पुढं-मागं दोन बोगदे तयार होतात. मोजलं: चष्मा नसताना आणि असताना ४० हर्ट्झला ५ डेसिबलचा फरक. जुन्या बारीक तारेच्या फ्रेमनं २. नवीन चष्मा दुकानातला, तारेचा जुना ड्रॉवरमधला. नंबर पाव डायॉप्टरनं मागं आहे. कामाला ड्रॉवरमधला लावतो. दिसायला थोडं कमी, ऐकायला तीन डेसिबल जास्त.

घामासाठी आईनं जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवल्या. मी नको म्हणत होतो, कापडानं खर्ज जाईल म्हणून. वर्षानुवर्षं धुतलेलं ते कापड इतकं विरलेलं आहे की मोजमापात जेमतेम एक डेसिबल पडला. खोळी राहिल्या. एक हिरवी, एक जांभळी, कारण आईला तेच तुकडे मिळाले. डावं-उजवं ओळखायला बरं.

१८ ऑगस्ट

डग्गा अजूनही उजवीकडे. कंटाळून ऑडिओग्राम काढून घेतला. दोन्ही कान सारखे, उत्तम. पण नेहमीची तपासणी २५० ते ८००० हर्ट्झची असते, आणि डग्ग्याचं पोट त्याच्या खाली. म्हणजे कान नेमका हवा तिथं तपासलाच गेला नाही. तिथल्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, रोजच्या बोलण्यात काही त्रास होतो का? नाही म्हटलं. मग झालं तर.

१ सप्टेंबर

गणपतीच्या आधी मामांचा हिशेब द्यायला गेलो. हेडफोन आणि फोन बरोबर नेले होते, म्हटलं एकदा त्यांना ऐकवू. त्यांनी हात पुसले, हेडफोन घातले, तबला लावून दिला. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं. ते काय म्हणतात याची मी वाट बघत होतो.

"घाला बगू तुमी."

घातले. ते दोन पावलं मागं सरकून, चप्पल बघावी तसे माझ्याकडं बघत उभे राहिले. डोकं हातानं सरळ केलं. मग डाव्या कपाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी, एक बोट घातलं. बोट सहज आत गेलं. उजव्या बाजूला जाईना.

"तुमचा डावा कान दोन सूत खाली हाय."

दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिमी. मी तीन महिने कप वर-खाली करायचे दोन्ही बाजूंचे खटके मोजून सारखेच ठेवत होतो, डावीकडं चार, उजवीकडं चार. आणि माइक माझ्याकडे एकच, तो पहिल्या दिवसापासून उजव्या कानात. डाव्यात एकदाही घातला नव्हता.

मामांनी रापीच्या (कातडं कापायच्या हत्याराच्या) टोकानं खूण केली, डाव्या टोकाला एक जास्तीचं भोक पाडलं आणि पट्टी त्यात अडकवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. "त्येला काय पैसं. कान तुमचा, भोक माझं."

रात्री डाव्या कानात माइक. जुन्या भोकावर: उजव्यापेक्षा ४० हर्ट्झला साडेतीन डेसिबल कमी. नव्या भोकावर: अर्धा. मग तबला लावला. डग्गा नाकासमोर आला, आणि तिथं आल्यावर कळलं की शेजारचा पोरगा मधल्या एका मात्रेला दर वेळी घाई करतो.